शिवडीहून भायखळ्याला आलेली बाग

भायखळ्याला मोतीशा शेठांनी बांधविलेल्या आदेश्वरांच्या देरासरात दर्शन घ्यावे आणि मुलांच्या हट्टाखातर तसेच पुढे राणीबागेत जावे, असा बेत आखून आलेली कुटुंबे सुटीच्या दिवशी त्या रस्त्यावर नेहमी दिसतात. मुलांना वाघ पाहायचा असतो, पाणघोडा पाहायचा असतो, अलीकडे पेंग्विन पाहायचे असतात. मोठ्यांना सावलीतले बाक हवे असते. ज्या झाडांमुळे ती सावली मिळते त्यांच्याकडे मान वर करून पाहणारे थोडेच. वास्तविक ही जागा प्रथम वनस्पतींची. प्राणी तेथे पुष्कळ नंतर आले. आणि त्या वनस्पतींची बागही मूळची भायखळ्याची नव्हे. दुसरीकडून उठवल्यामुळे ती येथे आली.

बागेचे मूळ गाव शिवडी. पश्चिम हिंदुस्थानातील शेती आणि बागायत सुधारावी या हेतूने १८३० साली मुंबईत ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. सरकारने तिला १८३५ मध्ये शिवडी येथे जमीन दिली आणि तेथे वनस्पती-उद्यान उभे राहिले. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे या संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष. पेढीचा व्यवहार आणि शहराचे हित या दोहोंचा मेळ घालणारे त्यांच्यासारखे गृहस्थ झाडांच्या संस्थेत होते, ही गोष्ट व्यापारी घराण्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी वनस्पती-उद्यान म्हणजे केवळ विरंगुळ्याचे स्थान नव्हते. कोणते रोप येथील हवेत तग धरते, कोणत्या पिकातून उत्पन्न निघेल, हे पाहण्याची ती प्रयोगभूमी असे.

पुढे शिवडीची जमीन युरोपियनांच्या दफनभूमीसाठी हवी झाली. शहर झपाट्याने वाढत होते आणि मृतांसाठीही जागा उरली नव्हती. संस्थेने माझगावच्या माउंट इस्टेटवर ३३ एकरांची नवी जागा घेतली. तेथील उद्यान १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या पत्नी लेडी फ्रेअर यांच्या हस्ते खुले झाले आणि त्याला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. शिवडीची बाग या नव्या बागेत विलीन झाली. १८६५ साली म्युनिसिपल कमिशनर झालेल्या आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात शिवडीला दफनभूमीची आखणी झाली. १८७३ मध्ये संस्थाच मोडली आणि बाग नगरपालिकेकडे आली. १८९० मध्ये प्राण्यांसाठी आणखी १५ एकर जोडले गेले. आज सरकारी दप्तरी तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. लोकांच्या तोंडी मात्र राणीबागच.

बागेचे बस्तान हलविणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे सहज उभा राहतो. दुकान हलते तेव्हा गल्ला, वह्या, माल आणि पाटी हलते. गिऱ्हाईक मागून येते. बागेचे तसे नाही. तिचा मोठा भाग जमिनीत रुतलेला असतो. शिवडीची बाग उठली तेव्हा ती जेमतेम तीस वर्षांची होती. कुंड्यांतील रोपे, कलमे, बियांचा साठा आणि माळ्यांच्या हातातील जाण हे तिचे नेण्याजोगे धन. ते असले तर बाग दुसरीकडे पुन्हा उगवते, आणि ती उगवली. भायखळ्याला आज जे महावृक्ष दिसतात, ते आपल्या जागी लहानाचे मोठे झाले म्हणून उभे आहेत.

प्रवेशद्वाराजवळच भाऊ दाजी लाड संग्रहालयाची देखणी इमारत आहे. ते १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले. तिच्याशेजारी एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे दिले, तोच हा हत्ती. इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना १८६४ मध्ये तो कोसळून फुटला. तुकडे या बागेत आणून ठेवले आणि १९१४ साली ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. दगडाला पन्नास वर्षे तुकड्यांत पडून राहणे परवडते. मुळे उघडी पडलेल्या रोपाला उन्हाळ्यातली एक दुपारही जड जाते.

आत गेल्यावर देशोदेशीची झाडे भेटतात. बाटलीच्या आकाराच्या खोडाची गोरखचिंच आफ्रिकेची. कैलासपती दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या फुलातील नागफणीची आकृती पाहून आपल्याकडे त्याला शिवाचे नाव मिळाले, तरी त्याचे माहेर समुद्रापलीकडे. उर्वशी ब्रह्मदेशाची. या पाहुण्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. येथे थांबावे ते घरच्या झाडांपाशी. बकुळ, ताम्हण आणि विशेषेकरून सीताअशोक.

सीताअशोकाविषयी थोडे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे, कारण त्याच्या नावावर दुसराच वृक्ष वावरतो. सोसायटीच्या फाटकाशी सरळसोट, छत्रीची घडी मिटावी तसा उभा असलेला आणि लांब लहरी पानांचा जो वृक्ष ‘अशोक’ म्हणून लावला जातो, तो हा नव्हे. तो आसोपालव. त्याच्या पानांची तोरणे गुजराती-मारवाडी घरांच्या दारांवर लागतात. तोही भारतीयच आहे, त्याचा काही दोष नाही. पण तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत ज्याचे नाव पहिले येते, तो अशोक वेगळा. सीताअशोक मध्यम उंचीचा आणि गोल, दाट पसाऱ्याचा. कोवळी पालवी तांबूस असते आणि जणू कोमेजल्यासारखी खाली लोंबते. वसंतात खोडावर आणि जुन्या फांद्यांवर केशरी फुलांचे गुच्छ लागतात आणि दिवसांगणिक लालबुंद होत जातात. फुलांना पाकळ्या नसतात. आपण पाकळ्या समजतो ती रंगीत संदले. सुगंध मंद असतो, झाडाजवळ गेल्याशिवाय कळत नाही.

हा वृक्ष पश्चिम घाटाच्या ओलसर, सावलीच्या खोऱ्यांतला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद संकटग्रस्त होण्याच्या वाटेवरील जातींत आहे. कारण बाजाराला ठाऊक आहे. अशोकारिष्टासाठी त्याची साल लागते आणि रानातून साल सोलून आणण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त पडतो. खोडाची साल भोवताली सोलली की झाड उभ्या उभ्या मरते. खरी साल कमी पडू लागली तशी काष्ठौषधींच्या बाजारात आसोपालवाची साल तिच्यात मिसळली जाऊ लागली. नावाचा घोटाळा अशा रीतीने फाटकापासून औषधाच्या बाटलीपर्यंत पोचला आहे. ज्या पेढ्यांचा या मालाशी संबंध आहे, त्यांना यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही.

शिवडीहून उठलेल्या या बागेवर दीडशे वर्षांच्या आत पुन्हा गंडांतर आले. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचा संपूर्ण कायापालट करण्याचा मोठा आराखडा पुढे आला. नवे पिंजरे, नवे रस्ते, नवी बांधकामे यांत जुन्या वृक्षांचे काय होणार, याची काळजी काही नागरिकांना वाटली. त्यांनी केलेली पहिली गोष्ट व्यापाऱ्याला लगेच पटेल अशी आहे. त्यांनी मालाची मोजदाद केली. एकेक झाड ओळखून नोंद केली तेव्हा २८६ जातींचे ३,२१३ वृक्ष भरले. ‘सेव्ह राणीबाग’ या नावाने त्यांनी पुढची कित्येक वर्षे हा विषय लावून धरला. मूळ आराखडा मागे पडला आणि बराच सौम्य होऊन काम झाले. बाग वाचली, याचे श्रेय त्या यादीला मोठ्या प्रमाणात दिले पाहिजे. ‘पुष्कळ झाडे आहेत’ या वाक्याने कोणाचाही हात थांबत नाही. खतावणी समोर ठेवली की बोलणे भाग पडते.

‘झाडे तोडणार नाही, दुसरीकडे हलवू’ असे आश्वासन अशा प्रसंगी नेहमी दिले जाते. ते पारखून घ्यावे. वृक्षाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर लांबवर पसरलेली असतात. झाड उपटताना त्यांचा बहुतेक भाग मागे राहतो. रोपवाटिकेतले लोक मुळांसकट निघणाऱ्या मातीच्या गोळ्याला ‘हुंडी’ म्हणतात. पेढीवरच्या हुंडीशी तिचा संबंध नाही, तरी दोन्हींचा नियम एकच दिसतो: फुटली की पत गेली. हुंडीची रुंदी खोडाच्या जाडीच्या निदान दहापट असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. चार इंच जाडीच्या झाडाला तीन-साडेतीन फूट रुंद हुंडी लागते. तिचे वजन पाऊण टनाच्या आसपास. दोन फूट जाडीच्या जुन्या वृक्षाला वीस फूट रुंद हुंडी लागेल, आणि ती तीन फूट खोल धरली तरी वजन चाळीस टनांच्या घरात जाते. एवढी हुंडी कोणी काढत नाही. काढली जाते ती त्याच्या चौथाईची, फांद्या छाटून नुसता बुंधा उरतो, आणि तो कोठेतरी उभा करून छायाचित्र घेतले जाते. मुंबईत मेट्रोच्या कामासाठी हलविलेल्या झाडांचा मोठा वाटा नंतर वाळून गेला आणि हा विषय उच्च न्यायालयापर्यंत पोचला. वड, पिंपळ, उंबर यांसारखी झाडे त्यातल्या त्यात सोशीक. माड आणि इतर ताडवर्गीय झाडांची मुळे झुपकेदार असल्याने तीही बरी लागतात. सोटमुळाचे जुने झाड मात्र क्वचितच जगते.

ज्या झाडाला हलवावेच लागणार आहे, त्याची तयारी काही महिने आधी सुरू झाली पाहिजे. आधी एका बाजूची मुळे चर खणून तोडायची, चरात शेणखतमिश्रित माती भरायची, पाणी द्यायचे. दीड-दोन महिन्यांनी दुसरी बाजू. तोडलेल्या मुळांना खोडाजवळ नवी तंतुमुळे फुटतात आणि हुंडी त्यांनी भरून जाते. मग ओल्या गोणपाटात हुंडी घट्ट बांधून झाड निघते. पूर्वेकडची बाजू खोडावर खूण करून ठेवतात आणि नव्या खड्ड्यात तीच बाजू पूर्वेला येईल असे पाहतात. जुन्या जागेची चार पाट्या माती खड्ड्यात घालणे चांगले; तिच्यात मुळांना साहाय्य करणारी बुरशी असते. उचलण्यापूर्वी फांद्यांवर घरटे आहे काय, बुंध्याशी मुंग्यांचे वारूळ आहे काय, हे पाहणे ओघानेच आले. घरट्यात पिल्ले असतील तर काम थांबवावे. महिनाभराच्या उशिराने कोणताही बिल्डर बुडत नाही.

राणीबागेची ही कथा मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना परकी राहिलेली नाही. जुन्या चाळी, बंगले, सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. करारात चटईक्षेत्र, भाडे, कॉर्पस यांची कलमे ओळीने येतात. मागच्या अंगणाचे कलम नसते. त्या अंगणात आजीने लावलेली बकुळ असते, एखादा सीताअशोक असतो, कुंपणावर गुळवेल आणि शतावरी असते. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता किंवा हलविता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याची अट घातली. पण कायदा झाडाला ओळखतो. वेलीला, झुडपाला, कंदाला तो ओळखत नाही. ती सगळी संपदा जेसीबीच्या पहिल्या फेऱ्यात जाते.

आणि खरे पाहता हलविण्याजोगी तीच असते. कळलावी, रानहळद, भुईचाफा, सफेद मुसळी या देशी वनस्पती वर्षातील निम्मा काळ जमिनीवर दिसतच नाहीत. पावसाळ्यात पाने येतात, फुले येतात. दिवाळीच्या पुढेमागे सारे वाळते आणि कंद जमिनीत निजून राहतो. पाडकामाला सुरुवात बहुधा पावसाळा संपल्यावरच होते. त्या वेळी अंगण मोकळे दिसते आणि ‘येथे काही नाही’ असा शेरा पडतो. म्हणून अंगणाची पाहणी श्रावण-भाद्रपदातच व्हावी. जे दिसेल त्याच्याशेजारी बांबूची काडी रोवून नाव लिहून ठेवावे आणि पाने वाळली की कंद अलगद काढावे. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा आणि ठिसूळ असतो. त्याचे टोक मोडले तर कोंब गेला. तो विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये. ज्या घरांत ताटात कंद येत नाही, त्या घरातील माणसांना जमिनीतून कंद खणताना थोडे अवघडल्यासारखे होईल. पण येथे कंद काढायचा तो पुन्हा पुरण्यासाठी.

जुन्या आंब्याच्या फांद्यांवर कधी कधी आमरी वाढलेली असते. अनेकदा तिला बांडगूळ समजून फेकून देतात. ती झाडाचे काही खात नाही; सालीवर केवळ आश्रय घेते. फांदी पडली की सालीच्या तुकड्यासकट ती काढून दुसऱ्या झाडाला सुतळीने बांधावी आणि पहिल्या पावसाळ्यात मुळे धरू द्यावी. हे सारे आपल्या अंगणापुरते. रानातून रोपे उपटून आणणे हा गुन्हा आहे आणि त्याला रोपे वाचविणे असे नाव देणे अधिकच वाईट.

जाणारे रोप कोठे न्यायचे, हा प्रश्न अखेरीस सर्वांत अवघड ठरतो. नव्या इमारतीत पोडियमवर दोन फूट मातीत बकुळीने किती वाढावे? या बाबतीत मोतीशा शेठांचेच आणखी एक कार्य आठवते. सर जमशेटजी जीजीभाईंच्या साहाय्याने १८३४ मध्ये मुंबईत जी पांजरापोळ उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. धन्याला नकोशा झालेल्या जनावराला जागा हवी, ही गोष्ट त्या काळच्या व्यापाऱ्यांनी हिशेबात धरली होती. आज पांजरापोळींकडे, तीर्थक्षेत्रांतील धर्मशाळांकडे, गावाकडच्या बंद वाड्यांच्या मागे जमीन आहे, विहीर आहे, कुंपण आहे. एखाद्या सोसायटीतील वीस रोपे आणि पाटीभर कंद तेथे सहज सामावतील. दुर्मीळ जातीची शंका आली तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानासारख्या ठिकाणी विचारावे. पश्चिम घाटातील दुर्मीळ वनस्पती जपण्याचे काम तेथे होते. बागेचे उद्घाटन करणाऱ्या लेडी फ्रेअर यांच्या पतीचे नाव लाभलेली फ्रेरिया इंडिका ही शिवनेरीसारख्या कड्यांवरची मांसल वनस्पती उद्यानांत छाटकलमांनी वाढविता येते, आणि अशी वाढविलेली रोपे पुन्हा कड्यांवर लावलीही गेली आहेत.

लावणीचा काळ आषाढापासून पुढचा. चातुर्मासात साधु-साध्वींचा विहार थांबतो, कारण भूमी अंकुरांनी आणि जीवांनी भरलेली असते. ज्या ओलीमुळे त्यांचे पाऊल थांबते, तीच ओल रोपाला नव्या जागी मूळ धरू देते. लावताना गांडुळे, किडेमुंग्या दिसतील. कुदळ सावकाश चालवावी, खड्डा गरजेपेक्षा मोठा करू नये.

वृक्ष जुना असेल आणि हलणार नसेल, तर त्याचे बी तरी हलावे. सीताअशोकाच्या चपट्या, चिवट शेंगा पावसाळ्याच्या तोंडाशी वाळून तडकतात. बी आठळीएवढे, तपकिरी. ते डबीत घालून पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही. काही आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते. ताजेच सावलीतल्या पिशवीत, निम्मे वर राहील असे टोचावे आणि माती ओली ठेवावी. बकुळीचे बी त्या मानाने सोपे. पिकल्या नारिंगी फळातून काढून धुऊन लावले की उगवते. आपल्या अंगणातील अशोक कोणता, याची शंका असलेल्यांनी वसंतात राणीबागेत जाऊन खरा सीताअशोक फुललेला एकदा पाहून यावा. खोडावरच फुले दिसली की ओळख पटते. बुधवारी बाग बंद असते.